नाव तपासले, पत्ता राहून गेला: विनरारमधल्या १९ वर्षे जुन्या त्रुटीचे प्रकरण

मार्च २०१९ मध्ये इंटरनेटवर एक आरएआर फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेले आर्काइव्ह, फिरत होती. नावावरून ती एका गाजलेल्या गायिकेच्या नव्या अल्बमची चोरटी प्रत वाटत होती. लोक ती डाउनलोड करत, तिच्यावर उजवी क्लिक करून विनरार या आर्काइव्ह खोलणाऱ्या सॉफ्टवेअरला ती खोलायला सांगत. डाउनलोड्स फोल्डरमध्ये गाणी येत आणि ती वाजतही. स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नसे, परवानगीची खिडकीही उघडत नसे. पण त्याच क्षणी वापरकर्त्याच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये आणखी एक छोटी प्रोग्रॅम फाइल जाऊन बसलेली असे. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की विंडोज ती आपणहून चालवत असे. दरम्यान काही तास, कधी काही दिवस गेलेले असत. गाण्यांच्या फाइलचा आणि संगणकात शिरलेल्या उपद्रवाचा संबंध जोडणे वापरकर्त्याला जवळपास अशक्य होते.

जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटींना सीव्हीई क्रमांक दिला जातो. या हल्ल्यामागच्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१८-२०२५०. आर्काइव्ह सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचा अभ्यास करायचा तर हे एक प्रकरण पुरेसे खोल आहे. यात मेमरीतली अवघड कसरत नाही, गुप्तलेखन फोडलेले नाही. एका फाइलच्या नावाला पत्ता मानून त्यावर विश्वास ठेवला गेला, एवढेच घडले. आणि ज्या कोडने तो विश्वास ठेवला, तो कोड दुरुस्त करणारे कुणी उरलेले नव्हते.

फोल्डरचे नाव आत, फोल्डरची निवड बाहेर

झिप, आरएआर, टार, सेव्हन-झेड यांच्यापैकी कुठल्याही आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलच्या डेटाआधी एक हेडर असतो. त्यात फाइलचे नाव, आकार, तारीख, तपासणी बेरीज अशा गोष्टी असतात. नाव नुसते 'पत्र.डॉक' असेल किंवा 'बिले\मार्च\पत्र.डॉक' असे उपफोल्डरांसकट असेल. फाइल खोलताना सॉफ्टवेअर दोन तुकडे जोडते: वापरकर्त्याने निवडलेले ठिकाण आणि हेडरमधले नाव. या जोडणीतून पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, तयार होतो आणि तिथे फाइल लिहिली जाते.

यातला पहिला तुकडा आपला, दुसरा मात्र आर्काइव्ह बनवणाऱ्याचा. फाइल प्रणालीत सलग दोन टिंबे म्हणजे 'एक फोल्डर वर जा'. आर्काइव्ह बनवणाऱ्याने नावात ही दोन टिंबे घातली आणि सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी जोडली, तर फाइल निवडलेल्या फोल्डरच्या बाहेर पडते. याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात. हे तंत्र १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याविरुद्ध काही ना काही तपासणी असतेच. विनरारमध्येही होती. ती कशी चुकवली गेली, हा या प्रकरणाचा गाभा.

अनाथ डीएलएल

विनरार हे युजीन रोशाल यांच्या आरएआर या प्रकाराभोवती उभे राहिलेले सॉफ्टवेअर. पण ते इतर प्रकारही खोलते आणि त्यांतला एक होता एस. इंग्रजीत पत्त्यातल्या एक्क्याला जो शब्द आहे, तेच या प्रकाराचे नाव. मार्सेल लेम्के यांनी तो बनवला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो आरएआरचा स्पर्धक होता. पुढे तो मागे पडला आणि वापरातून जवळजवळ गेला.

एस हा प्रकार बंदिस्त होता, त्याचा सोर्स कोड बाहेरच्यांना मिळत नव्हता. म्हणून विनरारने ती आर्काइव्हे खोलण्यासाठी तयार डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडून वापरायची तयार कोडची फाइल, सोबत ठेवली. तिचे नाव रोमन लिपीत यू-एन-ए-सी-ई-व्ही-२. इथे तिला अनएस डीएलएल म्हणू. विनरारच्या निर्मात्यांनीच नंतर सांगितले की ही डीएलएल २००५ पासून अद्ययावत झालेली नव्हती आणि तिचा सोर्स कोड त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या दाव्यानुसार ५० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक असा भाग रोज जात होता, जो कुणी वाचू शकत नव्हते, कुणी बदलू शकत नव्हते, आणि फारसे कुणी वापरतही नव्हते.

न वापरलेला भाग निरुपद्रवी असतो, असा एक समज आहे. हल्लेखोराच्या बाजूने पाहिले तर तो चुकीचा ठरतो. वापरकर्ता एस आर्काइव्ह कधीच बनवत नसेल, पण त्याचे सॉफ्टवेअर ते खोलायला तयार आहे, इतकेच हल्लेखोराला पुरते. भरीला विनरार आर्काइव्हचा प्रकार फाइलच्या एक्स्टेन्शनवरून ठरवत नाही, आतल्या खुणेवरून ठरवते. एस फाइलचे एक्स्टेन्शन बदलून आरएआर केले तरी विनरार आतली खूण ओळखते आणि काम अनएस डीएलएलकडे सोपवते. मेल सर्व्हरवर एस फाइल अडवण्याचा नियम लावला असला तरी आरएआर नावाने आलेली तीच फाइल सहज आत येत होती.

शोध कसा लागला

चेक पॉइंट रिसर्च या सुरक्षा संशोधन गटाच्या नदाव ग्रॉसमन यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले २० फेब्रुवारी २०१९ रोजी. त्यांच्या चमूने विनएएफएल हे फझिंगचे साधन वापरले. फझिंग म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमला हजारो, लाखो वेळा किंचित बिघडवलेल्या फाइली देत राहणे आणि तो कुठे कोसळतो ते पाहणे. अनएस डीएलएल जुनी, तिच्यात मेमरीवरचे हल्ले अवघड करणारी एएसएलआर आणि डीईपी ही नेहमीची संरक्षणेही नव्हती, म्हणून ती चांगले लक्ष्य वाटली.

डीएलएल स्वतंत्रपणे चालवायची तर तिला योग्य क्रमाने हाका मारणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. तिच्या फंक्शनांची मांडणी कशी आहे, याचा तपशील त्यांना फार मॅनेजर या मुक्त स्रोत प्रकल्पात सापडला. त्या छोट्या प्रोग्रॅमला एका ठरावीक फोल्डरमध्येच फाइली खोलण्याची सूचना दिलेली होती. चाचण्या सुरू असताना त्यांना दिसले की डिस्कवर भलत्याच ठिकाणी एक नवा फोल्डर तयार झाला आहे आणि त्यात फझरने घडवलेल्या मजकुराची फाइल आहे.

इथे थोडे थांबायला हवे. फझिंगचे साधन प्रोग्रॅम कोसळला किंवा अडकला तरच दोषाची नोंद करते. इथे काहीच कोसळले नव्हते. डीएलएलने आपले काम बिनबोभाट पूर्ण केले होते, फक्त चुकीच्या जागी. डिस्कवर आलेल्या अनोळखी फोल्डरकडे माणसाने लक्ष दिले म्हणून त्रुटी हाती लागली. आर्काइव्ह सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्याने क्रॅशच्या यादीइतकेच डिस्ककडे पाहिले पाहिजे. चाचणीच्या आधी आणि नंतर संपूर्ण ड्राइव्हवरच्या फाइलींची यादी घ्या आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. ठरलेल्या फोल्डरबाहेर एकही नवे नाव दिसले, तर तो गंभीर दोष समजा.

साखळीतल्या तीन कड्या

नाव आत आल्यापासून फाइल लिहिली जाईपर्यंत तीन फंक्शने कामाला लागतात. प्रत्येक एकेकटे पाहिले तर वाजवी वाटते. एकत्र आले की भोक पडते.

पहिली कडी विनरारची स्वतःची. डीएलएल प्रत्येक फाइलसाठी विनरारला विचारते की हे नाव चालेल का. विनरार हेडरमधले नाव पाहते: ते तिरक्या रेघेने सुरू होते का, सुरुवातीला दोन टिंबे आणि रेघ आहे का, मध्ये कुठे दोन्ही बाजूंनी रेघांमध्ये अडकलेली दोन टिंबे आहेत का. सुलट रेघ, उलटी रेघ, दोन्हींचे मिश्रण, सगळे तपासले जात होते. काळजीपूर्वक लिहिलेली तपासणी. फक्त एक चिन्ह सुटले होते: विसर्गासारखी दोन टिंबे, म्हणजे कोलन. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरानंतर कोलन येतो आणि त्याच्या लगेच पुढे वर जाण्याची दोन टिंबे लिहिली तरी विंडोज ती मानते. त्यांच्या आधी रेघ नसल्याने तपासणीला ती दिसत नव्हती.

दुसरी कडी डीएलएलमधले सफाईचे फंक्शन. नावाच्या सुरुवातीला ड्राइव्हचे अक्षर असेल तर हे फंक्शन ते कापून टाकते. 'सी:' कापते, 'सी:\' कापते, आणि का कोण जाणे, 'सी:\' च्या पुढे लगेच दुसरा 'सी:' आला तर ती जोडीही एकदम कापते. मात्र हे काम ते एकदाच करते. कापल्यानंतर जे उरले, ते पुन्हा ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होते का, हे पाहायला ते परत येत नाही. म्हणून ज्याने ड्राइव्हच्या अक्षराचे तीन थर एकापुढे एक रचले त्याचा तिसरा थर शाबूत राहतो.

तिसरी कडी सर्वांत साधी आणि सर्वांत घातक. पाथ जोडण्याआधी डीएलएल मोजते की नावाच्या सुरुवातीला ड्राइव्ह किंवा उपकरणाचा भाग किती अक्षरांचा आहे. साध्या नावाला उत्तर ०, एकट्या उलट्या रेघेला १, 'सी:\' ला ३. उत्तर ० असेल तर 'निवडलेला फोल्डर अधिक नाव' असा पाथ बनतो. उत्तर ० पेक्षा जास्त असेल तर डीएलएल समजते की हा पूर्ण पाथ आहे, आणि वापरकर्त्याने निवडलेला फोल्डर सरळ बाजूला ठेवते. सफाईतून वाचलेल्या तिसऱ्या थरामुळे नेमके हेच होते.

आता हल्लेखोरापुढे एकच प्रश्न उरतो. स्टार्टअप फोल्डरच्या पत्त्यात वापरकर्त्याचे नाव असते आणि ते त्याला माहीत नसते. उत्तर विंडोजच्या एका जुन्या सवयीत आहे. 'सी:' च्या पुढे रेघ नसेल तर विंडोज त्याचा अर्थ 'सी ड्राइव्हवरचा सध्याचा फोल्डर' असा लावते. एक्सप्लोररमधून उजव्या क्लिकने आर्काइव्ह खोलले की विनरारचा सध्याचा फोल्डर म्हणजे ते आर्काइव्ह जिथे आहे तोच. लोक फाइली बहुधा डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये ठेवतात, आणि हे दोन्ही फोल्डर वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरच्या थेट खाली असतात. तिथून एक पायरी वर गेले की अ‍ॅपडेटा (वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांचा डेटा ठेवणारा फोल्डर) आणि त्याच्या पोटात स्टार्टअप. नाव माहीत नसतानाही पत्ता बरोबर लागतो.

यावरून हेही कळते की हल्ला कधी फसायचा. आर्काइव्ह डी ड्राइव्हवर किंवा डाउनलोड्सच्या आत आणखी दोन फोल्डर खाली ठेवून खोलले तर हा हिशेब चुकायचा. पण तो योगायोग होता. त्याला संरक्षण मानून चालणार नव्हते.

एस हेडरमध्ये सीआरसी, म्हणजे तपासणी बेरीज, असते, नाव बदलले की ती जुळत नाही आणि डीएलएल फाइल नाकारते, त्यामुळे काही जणांना प्रश्न पडेल की ही तपासणी आड कशी आली नाही. सीआरसी ही वाटेत बिघडलेली फाइल ओळखण्यासाठी असते. जाणूनबुजून नाव बदलणारा नवी सीआरसी काढून हेडरमध्ये लिहितो. त्याला कुठलीही किल्ली लागत नाही.

अडवले, पण उशिरा

याच शोधात दुसरी एक त्रुटी मिळाली, क्रमांक सीव्हीई-२०१८-२०२५१. विनरारच्या तपासणीला नाव खटकले तर ती डीएलएलला 'थांब' असा निरोप देत असे. डीएलएल तो निरोप वाचतही होती, पण फोल्डर आणि रिकामी फाइल तयार करून झाल्यावर आणि मजकूर लिहिण्याआधी. म्हणजे नाकारलेल्या नावाचीही रिकामी फाइल डिस्कवर हवी तिथे तयार होऊ शकत होती.

दोन वेगवेगळ्या चमूंनी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले कोड एकत्र जोडले की असे होते. एक समजतो, मी नकार दिला. दुसरा समजतो, नकार आल्यावर मी मजकूर लिहिला नाही. दोघांचेही आपापल्या जागी खरे असते. 'कुठल्या क्षणापर्यंत डिस्कला हात लावायचा नाही' हा करार मात्र कुठेच लिहिलेला नसतो. आमच्या मते या प्रकरणातला हा भाग मुख्य त्रुटीपेक्षा अधिक अभ्यासण्यासारखा आहे, कारण तो आजही कित्येक ठिकाणी सापडेल.

दुरुस्ती म्हणून उच्चाटन

सोर्स कोड नाही, मूळ प्रकार मागे पडलेला, आणि त्रुटी लॉगिनच्या वेळी परका प्रोग्रॅम चालवू देणारी. विनरारने एस प्रकाराचा आधारच काढून टाकला. २८ जानेवारी २०१९ ला आलेल्या ५.७० बीटा १ मध्ये ती डीएलएल नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस ५.७० ची अंतिम आवृत्ती आली. हा निर्णय योग्यच होता. तपासणीत कोलनचा आणखी एक नियम वाढवून वेळ मारून नेता आली असती, पण एस आर्काइव्ह वाचताना मेमरीबाहेर लिहिण्याची आणखी एक त्रुटी त्याच संशोधनात सापडली होती. न वाचता येणारा कोड बाहेरून किती कुंपणे घालून सांभाळणार?

ज्यांना एस फाइली खोलण्यावाचून गत्यंतर नव्हते त्यांच्यासाठी झीरोपॅच या सेवेने डीएलएलच्या मेमरीतल्या सूचनाच दुरुस्त करणारा छोटा पॅच काढला. सोर्स कोड नसतानाही असे करता येते. पण तो तात्पुरता उपाय.

खरी अडचण वितरणाची होती. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. एकदा बसवलेली प्रत वापरकर्त्याने हाताने नवी आवृत्ती आणेपर्यंत तशीच राहते. कित्येक संगणकांवर ती दुकानदाराने संगणक देताना बसवलेली असते आणि वर्षानुवर्षे कुणी तिच्याकडे पाहत नाही. २० फेब्रुवारीला तपशील जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत, २५ तारखेला, ३६० थ्रेट इंटेलिजन्स सेंटर या सुरक्षा संशोधन गटाला ईमेलमधून पसरणारा पहिला नमुना मिळाला. मॅकॅफी या सुरक्षा कंपनीने पहिल्या आठवड्यातच १०० हून अधिक वेगवेगळे नमुने मोजले, सुरुवातीचे बहुतेक लक्ष्य अमेरिकेतले. मार्चच्या अखेरीस फायरआय या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने एकाच वेळी चाललेल्या अनेक मोहिमांची नोंद केली.

त्या पहिल्या नमुन्यातली एक चूक बोलकी आहे. त्याने आपली फाइल सर्व वापरकर्त्यांच्या सामायिक स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकायचा प्रयत्न केला. तो फोल्डर प्रोग्रॅमडेटाच्या आत असतो आणि तिथे लिहायला प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोजचे यूएसी, म्हणजे प्रशासकाची परवानगी विचारणारी सोय, चालू असेल तर तो हल्ला फसायचा. गाण्यांच्या फाइलीने मात्र वापरकर्त्याचा स्वतःचा स्टार्टअप फोल्डर निवडला. तिथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून यूएसीची खिडकीच येत नाही.

संगणकावर काय पाहायचे

नुसती विनरारची आवृत्ती पाहणे पुरत नाही. हेल्प मेनूतल्या अबाउट खिडकीत ५.७० च्या पुढचा आकडा दिसला, तरी तीच डीएलएल दुसऱ्या आर्काइव्ह सॉफ्टवेअरबरोबर किंवा पेन ड्राइव्हवरच्या पोर्टेबल प्रतीत असू शकते. म्हणून डीएलएलच्या नावाने संपूर्ण ड्राइव्ह शोधायचा, दोन्ही प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरांसकट. सापडली तर काढून टाकायची. त्याने एस फाइली खोलणे बंद होते, आरएआर आणि झिप व्यवस्थित चालत राहतात.

मग स्टार्टअप. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत रोमन अक्षरांत 'शेल', कोलन, 'स्टार्टअप' असे सलग लिहिले की वापरकर्त्याचा फोल्डर उघडतो. 'स्टार्टअप' च्या जागी 'कॉमन स्टार्टअप' लिहिले की सामायिक. या फोल्डरांत साधारणपणे शॉर्टकट असतात. प्रत्यक्ष ईएक्सई, व्हीबीएस, बॅट किंवा एचटीए फाइल दिसली तर ती संशयास्पद धरावी. तिच्यावर डबल क्लिक करू नये. तारीख पाहताना बदलाच्या तारखेवर विसंबू नये, ती आर्काइव्हमधून येऊ शकते आणि हल्लेखोराला हवी ती असू शकते. निर्मितीची वेळ पाहावी आणि त्या वेळी डाउनलोड्समध्ये काय आले होते ते ताडून बघावे. एकाहून जास्त खाती असलेल्या संगणकावर प्रत्येक खात्याचा स्टार्टअप वेगळा तपासावा लागतो, हे घाईत हमखास राहून जाते.

संशयित आर्काइव्ह तपासायचे असेल तर ते न खोलता हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडावे. सुरुवातीचे ७ बाइट सोडल्यावर दोन तारका, एसची तीन रोमन अक्षरे आणि पुन्हा दोन तारका दिसल्या, तर एक्स्टेन्शन काहीही असो, ती एस फाइल आहे. मेल गेटवेवरचा नियमही एक्स्टेन्शनवर न ठेवता याच खुणेवर ठेवायला हवा. आणि कार्यालयात शक्य असेल तिथे अ‍ॅपलॉकरसारख्या, कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा ते ठरवणाऱ्या धोरणाने अ‍ॅपडेटामधून प्रोग्रॅम चालवणेच बंद करावे. फाइल पोहोचली तरी ती चालत नाही. पुढच्या कुठल्याही अशाच त्रुटीत हा एक उपाय कामाला येतो.

तोच फोल्डर, दुसरी वाट

२०२३ मध्ये विनरार पुन्हा चर्चेत आले. सीव्हीई-२०२३-३८८३१ मध्ये आर्काइव्हच्या आत एक फाइल आणि तिच्याच नावाचा एक फोल्डर ठेवलेला असे, नावाच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून. वापरकर्त्याने चित्र किंवा पीडीएफ समजून आतल्या फाइलवर डबल क्लिक केले की फोल्डरमधली स्क्रिप्ट चालायची. शेअर आणि क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांना त्याच वर्षी एप्रिलपासून लक्ष्य केले जात होते. दुरुस्ती ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीत आली.

२०२५ चे प्रकरण मात्र थेट आपल्या विषयाशी जोडलेले आहे. १८ जुलै २०२५ रोजी ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सीव्हीई-२०२५-८०८८ चा वापर होताना आढळला. रोमकॉम नावाने ओळखला जाणारा गट युरोप आणि कॅनडातल्या वित्त, उत्पादन, संरक्षण आणि मालवाहतूक क्षेत्रांतल्या कंपन्यांना नोकरीच्या अर्जाच्या मिषाने आरएआर फाइली पाठवत होता. आर्काइव्हमध्ये वरकरणी एकच फाइल दिसे. पण तिच्याबरोबर एनटीएफएस या विंडोजच्या फाइल प्रणालीचे पर्यायी डेटा स्ट्रीम, म्हणजे एकाच फाइलला चिकटलेले न दिसणारे जादा डेटाचे कप्पे, जोडलेले होते आणि त्या स्ट्रीमच्या नावात वर जाणारी दोन टिंबे होती. मुख्य नावाची तपासणी नीट होत होती, स्ट्रीमचे नाव तिच्यातून निसटले. स्ट्रीमचे नाव मुख्य नावापासून कशाने वेगळे होते? कोलनने. आणि फाइल कुठे जाऊन पडत होती? वापरकर्त्याच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये. ३० जुलैला आलेल्या ७.१३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. आपल्या संगणकावरचे विनरार याहून जुने असेल तर आजच बदला. ते स्वतःहून बदलणार नाही.

कोड लिहिणाऱ्यांसाठी

ही चूक फक्त विंडोजच्या सॉफ्टवेअरपुरती नाही. जून २०१८ मध्ये स्निक कंपनीने झिप स्लिप या नावाने दाखवून दिले की वेगवेगळ्या भाषांतल्या, विशेषतः जावातल्या, कितीतरी लायब्ररी आर्काइव्हमधले नाव न तपासता जोडत होत्या. पायथन या भाषेच्या टारफाइल मॉड्यूलमधली अशीच त्रुटी २००७ पासून नोंदलेली होती. सुरक्षित फिल्टर ३.१२ आवृत्तीत आले आणि ते आपोआप लागू झाले थेट ३.१४ मध्ये. त्याआधीच्या पायथनवर टार खोलताना 'डेटा' हा फिल्टर स्वतः सांगावा लागतो.

अनएस डीएलएलवरून धडा घ्यायचा तर पहिली गोष्ट ही की नाव साफ करू नका, नाकारा. वाईट तुकडे कापून उरलेले वापरणे म्हणजे कापल्यानंतर काय उरेल याचा अंदाज हल्लेखोराला बांधू देणे. दुसरे, चिन्हांची यादी तपासत बसू नका. निवडलेला फोल्डर आणि नाव जोडून पूर्ण पाथ बनवा, तो ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच अंतिम रूपात आणा, म्हणजे त्यातली वर जाणारी टिंबे सुटलेली असतील, आणि मग तो निवडलेल्या फोल्डरच्या आत पडतो का ते पाहा. ही तुलना नुसत्या सुरुवातीच्या अक्षरांवर करू नका. 'डेटा' हा फोल्डर निवडला असेल तर शेजारच्या 'डेटा२' ची सुरुवातही 'डेटा' नेच होते. तुलनेआधी फोल्डरच्या शेवटी रेघ जोडली की हा घोटाळा टळतो. सिम्बॉलिक लिंकसाठी वेगळी दक्षता लागते: पहिली नोंद बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक बनवते आणि दुसरी नोंद त्या लिंकमधून निरागस नावाने आत शिरते. म्हणून तपासणी सगळी नावे एकदम वाचून उरकू नका, प्रत्येक फाइल लिहिण्याच्या अगदी आधी करा. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत रिकामा फोल्डरसुद्धा तयार करू नका.

चाचणीसाठी एक आर्काइव्ह हाताने बनवून ठेवावे आणि प्रत्येक नव्या बिल्डवर चालवावे. त्यात ही नावे असावीत: दोन टिंबांनी वर जाणारे, दोन्ही प्रकारच्या रेघांनी; रेघेने सुरू होणारे; ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होणारे, एकदा, दोनदा आणि तीनदा; कोलनच्या लगेच पुढे दोन टिंबे असलेले; दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्क पाथ; कोलननंतर स्ट्रीमचे नाव असलेले; शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेले; आणि बाहेर जाणारी लिंक व तिच्यामागून येणारी साधी फाइल. निवडलेल्या फोल्डरबाहेर एकही बाइट किंवा एकही रिकामा फोल्डर तयार झाला, तर ती बिल्ड बाहेर सोडू नये.